पांढऱ्या काचेतला तपकिरी तुकडा

पवईच्या तलावापाशी बस आली की माझे डोळे मिटायचे. दर रविवारी हेच. सबंध आठवडा भट्टीसमोर काढलेल्या माणसाच्या तोंडावर पाण्यावरचा गार वारा आला की त्याचं डोकं आपोआप खिडकीच्या दांड्याला टेकतं. झोप म्हणावी तर कंडक्टरची घंटी ऐकू यायची, आणि जाग म्हणावी तर तलावातल्या म्हशी पाण्यावरून चालत बसच्या बरोबरीने येताहेत असं दिसायचं. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, डब्यात खाणावळीतली कुळथाची पिठी आणि भात, आणि त्या सगळ्याची ऊब पोटाला. मुलुंड आलं की कुणीतरी खांद्याला हात लावून उठवायचं. आता मुलुंडला जायचं काही कारण उरलेलं नाही. पण दुपारी खुर्चीत डोळा लागला की ती बस पुन्हा सुरू होते आणि म्हशी पुन्हा पाण्यावरून चालायला लागतात.

हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला, मी लिहून काढतो." मी नाही म्हटलं. तो माझी वाक्यं सरळ करील. माझी शाळा चौथीत सुटली. काना-मात्रा चुकली तर चुकली, पण सांगायचं ते मी सांगणार आणि माझ्या चालीने सांगणार.

गोष्ट ऐंशीनंतरच्या सालांतली. अंधेरीच्या पूर्वेला, जिथे विमानं इतकी खालून जायची की कपातला चहा थरथरायचा, तिथे आमचा काचेचा कारखाना होता. औषधाच्या बाटल्या व्हायच्या. एका भट्टीत पांढऱ्या, दुसऱ्या भट्टीत तपकिरी. पांढरी म्हणजे खरं तर बिनरंगाची, पण आम्ही तिला पांढरीच म्हणायचो. जी बाटली वाकडी निघाली, जिच्या अंगात बुडबुडा राहिला, ती फोडून परत भट्टीत जायची. पांढऱ्याचे तुकडे वेगळे, तपकिरीचे वेगळे. पांढऱ्यात तपकिरी गेलं की काच मळकट निघायची, आणि मग मिस्त्री ज्या शिव्या द्यायचा त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आमच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे. सरकारचा कामगार विमा. थोडे आमचे, जास्त कंपनीचे. त्या बदल्यात आजारी पडलं तर विम्याचा दवाखाना, मोठं दुखणं आलं तर विम्याचं हॉस्पिटल, आणि घरच्या माणसांनाही तेच. दवाखान्यात पातळ औषध मिळायचं, पण बाटली घरून न्यायची. कुणी सरबताची न्यायचा, कुणी दारूची धुऊन न्यायचा. आमच्या कारखान्याची माणसं आमच्याच वाकड्या बाटल्या न्यायची. कंपाउंडर मान वर न करता नुसती बाटली बघून ओरडायचा, "काचवाले, पुढे सरका!" लाल औषध भरायचा आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस.

आमच्या खोलीच्या खिडकीत अशा बाटल्या ओळीने असायच्या. संध्याकाळी ऊन स्टेशनच्या बाजूला उतरलं की त्यांतून लाल उजेड भिंतीवर पडायचा, वाकडातिकडा, हलणारा. बायको पोळपाट बाजूला ठेवून बघत बसायची. म्हणायची, "बघा, भिंतीर कोण तरी शिमगो खेळता." मी कामावरून आलेला, मला भूक लागलेली. पण मीही बघायचो.

मग तिला खोकला लागला.

लाल औषधाने जाईना, पिवळ्याने जाईना. दवाखान्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला, फोटो खिडकीकडे धरून बघितला आणि चिठ्ठी देऊन मुलुंडकडच्या विम्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, टीबी आहे. वॉर्डात राहावं लागेल, मग घरी गोळ्या, मधेच सोडलं तर केलेलं सगळं फुकट. "बरी होईल ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "औषध शेवटपर्यंत घेतलं तर होईल." शेवटपर्यंत हा शब्द त्याने दोनदा म्हटला. तो माझ्या डोक्यात असा बसला की बाकी काही आठवेना.

मुलगा लहान होता, त्याला गावी माझ्या आईकडे पोचवला. चाळीत आणि कारखान्यात सांगितलं, बायको माहेरी गेलीय. त्या काळी टीबी म्हटलं की नळावर बायका तुमच्या हंड्याला हंडा लागू देत नसत. मी स्वतः कुणाला भीक घालणारा नव्हे. पण तिच्याकडे कुणी तसं बघितलं असतं ते मला चाललं नसतं. आज कुणी विचारलं तरी मी तेच सांगीन, माहेरी गेलीय.

ते हॉस्पिटल डोंगराला टेकलेलं होतं. बायकांचा वॉर्ड लांबच लांब, दोन्ही बाजूंनी उंच खिडक्या, आणि हिच्या खिडकीबाहेर सावरीचं मोठं झाड. होळीच्या सुमाराला ते लाल फुलांनी भरलं. पुढे बोंडं फुटली आणि कापूस हवेवर तरंगत वॉर्डात यायला लागला. लोखंडी खाटांवरून, पांढऱ्या चादरींवरून, बायकांच्या केसांवरून तो इतका सावकाश फिरायचा की बघणाऱ्याला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटावं. सिस्टर मढ बेटाकडची ख्रिश्चन बाई होती, आवाज होडीवरून हाक मारल्यासारखा. ती ओरडायची, "खिडक्या लावा गं, खोकल्याची माणसं तुम्ही!" बायका हो म्हणायच्या आणि कुणी लावायचं नाही.

पहिल्या रविवारी मी डबा उघडला आणि विचारलं, "कशी आसस गो?"

"बरी आसंय. सकाळी उशिरापर्यंत झोपान रवतंय. कोण उठवक येणा नाय. चाय आयती येता."

"आयती? घरात तुका चाय मिळत नव्हती?"

"मिळत होती. पण ती मीच करी होतंय."

मी डब्याचं झाकण पुसत बसलो. ती म्हणाली, "लोकांका काय सांगितल्यात?"

"माहेराक गेली म्हणान."

ती हसली. हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. "मगे खोटा खंय सांगितल्यात? ह्या माझा माहेरच."

हिची आई हिच्या लहानपणीच गेलेली. सावत्र आईच्या घरी हिला कधी कुणी चार दिवस राहा म्हणालं नाही. लग्नानंतर ती एकदाच गेली होती आणि दुसऱ्या दिवशी परत आली होती. म्हणून ती काय म्हणतेय ते मला कळलं. पण राग आल्याशिवाय राहिला नाही. सरकारने दिलेल्या एका लोखंडी खाटेने माझ्या घरावर मात केली होती.

निघताना तिने माझा हात धरला. वॉर्डात सगळ्यांसमोर. "एक आयका. माका अर्ध्यार हयसून काढू नका."

"तुका कोण काढता? मी आसंय ना," मी म्हटलं. म्हणायला काय जातं.

आणि त्याच महिन्यात कारखान्यात नवा करार निघाला.

विम्याचा नियम असा होता की महिन्याचा पगार एका आकड्याच्या वर गेला की काही महिन्यांनी तुमचं नाव विम्यातून कमी. आमचा पगार त्या आकड्याच्या अगदी खाली येऊन उभा होता. युनियनचा पुढारी गेटवर आला आणि त्याने दोन रस्ते सांगितले. एक, वाढ महिन्याच्या पगारातच घ्यायची. विमा सुटला की कंपनीचा हिस्सा वाचतो, म्हणून कंपनी त्यात जास्त द्यायला तयार होती. शिवाय खाजगी हॉस्पिटलचा खर्च भरून देणारा एक कागद. दुसरा रस्ता, वाढ कमी घ्यायची आणि तीही वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी. ती पगारात धरली जात नाही, म्हणून विमा चालू राहील.

मी विचारलं, "त्या कागदात सगळी दुखणी येतात का?"

पुढारी प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "जे दुखणं आधीपासून घरात आहे, ते येत नाही."

मग वरून विमान गेलं आणि तो पुढे काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलताना दिसत होते. बाकीचे माना डोलवत होते. मला डोंगराखालची ती खिडकी दिसत होती.

कारखान्यात बहुतेकांना बाहेर पडायचं होतं. सगळ्यात मोठा आवाज माझ्याच जोडीदाराचा. हा घाटकोपरहून यायचा, माझ्याहून बराच लहान, आमच्याच कोकणाकडचा, तोंडाचा फटकळ. भट्टीवर त्याचा हात आणि माझा हात न बोलता चालायचे. कँटीनमध्ये मात्र रोज जुंपायची.

"सरकारने रस्ते करावेत, नळाला पाणी सोडावं," तो म्हणायचा. "माझ्या पोटात दुखतंय त्यात सरकार कशाला?"

"मग कोण पाहिजे? मालक?"

"मालक पण नको. माझे पैसे माझ्या हातात द्या, मी माझा डॉक्टर बघतो."

"तुझ्या हातात पैसे राहतात होय रे? पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे विडी मागतोस."

बाकावरचे हसायचे. तो चिडायचा. "तुला त्या लाल पाण्याची चटक लागलीय. सरकारचा जावई आहेस तू."

"जावई असतो तर रांगेत उभा राहिलो असतो का?"

"तेच सांगतोय ना! मागे माझं बोट कापलं, अर्धा दिवस बाकावर बसवलं. डॉक्टर आला तो माझ्या बोटाकडे बघेना, घड्याळाकडे बघत होता. आणि त्याच्यासाठी माझा पगार कापायचा? वाट लावलीय नुसती."

हे खरं होतं. त्या बाकावर मीही बसलोय. पंख्याचं पातं एकेक मोजता येईल इतका हळू पंखा, भिंतीला चुना, आणि आतून "नेक्स्ट" अशी हाक जी आपल्यासाठी कधीच नसते. पण मी म्हणायचो, रांग वाईट आहे तर रांग सुधारा म्हणून भांडा. दारच बंद करा कशाला म्हणता? ज्याच्या घरी कुणी आजारी नाही त्याला दार नकोच असतं.

"तुझ्या घरी तरी कोण आजारी आहे?" एकदा त्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "कोण नाही. मी तत्त्वाचं बोलतोय."

तत्त्व हा शब्द मी पुढाऱ्याकडून उचलला होता. तो तोंडात बसत नव्हता, पण त्या दिवशी कामाला आला.

त्या दिवसांत मी कँटीनचा कप सोडला होता. तपासणीत माझी छाती साफ निघाली होती, डॉक्टरने तसं सांगितलं होतं. तरी मन मानत नव्हतं. घरून पितळी पेला न्यायचो, त्यातच चहा घ्यायचो आणि स्वतःच्या हाताने धुऊन पिशवीत ठेवायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, कपाला वास येतो.

कुठला रस्ता घ्यायचा याच्या मतदानाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भट्टीपासून जरा लांब, तुकड्यांच्या ढिगाशेजारी आम्ही दोघं चहा घेत होतो. ऊन तिरपं येऊन ढिगावर पडलेलं. एका बाजूला पांढरा ढीग बर्फासारखा, दुसऱ्या बाजूला तपकिरी ढीग मधासारखा, आणि मधे आम्ही दोन काळीठिक्कर माणसं. मी पेला खाली ठेवला आणि घाम पुसायला पंचा घेतला. वळून बघतो तर याने माझा पेला उचललेला, आणि उरलेला चहा पिऊन टाकलेला.

"अरे, ठेव तो!" मी ओरडलो.

"का? काय होतंय मला?" त्याने पेला पालथा करून झटकला. "वहिनी कशी आहे?"

"माहेरी आहे."

"ते ठाऊक आहे. मुलुंडच्या माहेरी कशी आहे, विचारतोय."

मी पंचा खांद्यावर टाकला. तो म्हणाला, "त्या वॉर्डातली आया माझ्या बायकोची मावशी लागते. दर रविवारी तू डबा घेऊन येतोस आणि वहिनीला अर्धा खाऊ घालून उरलेला तिच्या शेजारणीला देतोस, ते पण ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"मी कशाला कुणाला सांगू?" मग पेला खाली ठेवून म्हणाला, "सांगितलं. सगळ्यांना ठाऊक आहे. मिस्त्रीला पण."

म्हणजे मी पेला लपवत होतो आणि सगळा कारखाना माझा पेला बघत होता. बाकावर कुणी माझ्यापासून सरकून बसलं नव्हतं. कुणी विडी मागायचं सोडलं नव्हतं. हे त्या वेळी लक्षात आलं नाही, नंतर आलं. त्या वेळी मला एवढंच सुचलं, "आणि ठाऊक असून माझ्याशी भांडत होतास?"

"मग काय करू? वहिनी आजारी पडली म्हणून दवाखान्याची रांग सुधारली का? वाईट ते वाईटच. पण आता आमचं ठरलंय. उद्या मताला सगळे पांढरी बाटली टाकणार, विम्यात राहायची. वहिनी बरी होईपर्यंत राहू त्या सरकारच्या घरात. पुढच्या कराराला परत भांडू."

ज्याच्या घरात असं दुखणं आहे त्याने हे ऐकून काय करावं? हात जोडावेत. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मी मागितलं होतं तुमच्याकडे?"

"मागितलं नाहीस म्हणून तर."

"मला उपकार नकोत कुणाचे."

"अरे, सरकारकडून घेतोस ते चालतं, आणि आमच्याकडून—"

"सरकारकडून फुकट घेत नाही! माझ्या पगारातून कापतात. तिथे मी कुणाचा मिंधा नाही. कंपाउंडर माझ्यावर खेकसतो, मी त्याच्यावर खेकसतो, आणि बाटली भरून ताठ मानेने बाहेर येतो. त्याने कधी दयेने बघून दिलं असतं तर ते औषध मी गटारात ओतलं असतं."

"शिरा पडो तुझ्या तोंडार," तो म्हणाला. "तुझ्यावर दया करायला माझं डोकं फिरलंय काय? वहिनीसाठी करतोय. तिने गेल्या गणपतीला माझ्या घरी मोदक पाठवले होते. तुझ्या हातून पाव पण आला नसता."

तो निघून गेला. मी ढिगाशेजारी बसून राहिलो. माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि हल्ली टीव्हीवर शिकलेली माणसं सरकारने यात पडावं की पडू नये यावर भांडतात तेव्हा मी एकटाच खुर्चीत बसून तेच सांगत असतो. सरकारला माझी बायको ठाऊक नव्हती. तिचे मोदक ठाऊक नव्हते, माझं तोंड ठाऊक नव्हतं. मी चांगला माणूस आहे की भांडकुदळ, हे न विचारता तिथे तिला खाट मिळाली होती. उद्या माझं कुणाशी पटलं नाही म्हणून ती खाट जाणार नव्हती. मला त्यात हेच आवडायचं. माणसांनी दिलेलं माणसं आठवण ठेवून देतात. आणि जो घेतो तो तर जास्तच आठवण ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मतदान. आमच्याकडे ते बाटल्यांनी व्हायचं. हात वर करायचे तर मॅनेजरची खिडकी समोर, आणि कागदावर लिहायचं तर निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून जुन्या लोकांनी पाडलेली पद्धत अशी होती की गोणपाटाच्या पडद्यामागे एक रिकामं पिंप ठेवायचं. प्रत्येकाने दोन वाकड्या बाटल्या घ्यायच्या, एक पांढरी, एक तपकिरी. पडद्यामागे जायचं, हवी ती पिंपात फेकायची, नको ती पिशवीतून परत आणायची. बाहेर उभं राहिलेल्यांना नुसता फुटण्याचा आवाज. पांढरी फुटली काय, तपकिरी फुटली काय, आवाज एकच. या वेळी पांढरी म्हणजे विम्यात राहायचं, तपकिरी म्हणजे बाहेर.

मी मुद्दाम शेवटी उभा राहिलो. ओळ सावकाश पुढे जात होती. खळ्ळ, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा खळ्ळ. भट्टीची धग, वरून जाणारं विमान, आणि तो आवाज. कुठेतरी देवळात फार हळू घंटा वाजवताहेत आणि आपण फार लांबून ऐकतोय, असं काहीतरी वाटत राहिलं. वॉर्डातला कापूसही मला तिथे तरंगताना दिसला. कारखान्यात कापूस कुठून येणार? पण दिसला.

माझी पाळी आली. पडद्यामागे गेलो, पिंपात वाकून बघितलं. कडेपर्यंत पांढरं. वरच्या फटीतून आलेलं ऊन त्या तुकड्यांवर पडून पिंपाच्या आत उजेडाचं तळं झालं होतं. तपकिरी एक ठिपका नाही. घाटकोपरवाल्याचीही पांढरीच, ज्याचं बोट कापलं होतं त्याची. बायकोची खाट राहिली होती. माझ्या मताची कुणाला गरज उरली नव्हती.

मी पिशवीत हात घातला आणि तपकिरी बाटली काढून त्या तळ्यात फेकली.

पिंप ओतलं तेव्हा सगळे भोवती गोळा झाले. पुढारी म्हणाला, "राहायचं ठरलं." मग त्याला त्या पांढऱ्यात चमकणारे तपकिरी तुकडे दिसले आणि तो बोलायचा थांबला. सगळा कारखाना माझ्याकडे वळला.

"हे कुणी टाकलं?" मिस्त्रीने विचारलं.

"विचारायला पाहिजे काय?" घाटकोपरवाला म्हणाला, आणि असा हसायला लागला की त्याला खाली बसावं लागलं. मग सगळेच हसले.

मिस्त्री हसला नाही. "पांढऱ्याची वाट लावलीस. ज्याने टाकली त्यानेच वेचायची. बारीकसारीक सगळी."

मी उकिडवा बसून वेचायला लागलो. बाटली फुटली की तिचे इतके तुकडे होतात की बाटली केवढी होती यावर विश्वास बसत नाही. ऊन कलत चाललेलं, पांढऱ्या काचेवर डोळे दिपत होते आणि तपकिरी तुकडे लपून बसत होते. जरा वेळाने शेजारी कुणीतरी बसलं.

"सरक," घाटकोपरवाला म्हणाला. "तुला दिसत नाही. तो बघ, तुझ्या पायाशी."

वेचता वेचता त्याने विचारलं, "कशाला टाकलीस?"

"माझं मत. माझा हक्क."

"आणि आम्ही सगळ्यांनी तपकिरी टाकली असती तर?"

"तर मी पांढरी टाकली असती."

त्याने एक तुकडा उचलून बाजूला टाकला. "म्हणजे आमच्याबरोबर यायचंच नाही तुला."

"वेचायला आलास ना? वेच."

रविवारी मी हे सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती उशीला टेकून बसली होती, गाल जरा भरले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साफ येडे तुमी. सगळ्यांका ठावक होता?"

"सगळ्यांका."

"आणि तरी तुमच्या पेल्यातली चाय प्यालो तो?"

"प्यालो."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. झाडावरचा कापूस संपला होता, हिरवी पानं आली होती. म्हणाली, "तुमका उपकार नको तर नको. पण माका त्यांका चाय पाजूची आसा. घरात. आमच्या कपांनी."

गणपतीनंतर तिला घरी सोडलं. गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या, शेवटपर्यंत घेतल्या, आणि मी स्वतः समोर बसून घ्यायला लावल्या. ती बरी झाली. पुढच्या कराराला आम्ही विम्यातून बाहेर पडलोच. त्या वेळीही मी एकटा विरुद्ध होतो, आणि त्या वेळी मात्र कुणी माझ्याकडे बघून मत बदललं नाही.

पण ती घरी आली त्या पहिल्याच सुट्टीला सगळे आले. खोलीत मावेनात, अर्धे बाहेर कट्ट्यावर. तिने हट्टाने स्वतः चहा केला. कप हातात देताना ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि मीही बघत होतो. कुणाचाही हात अडखळला नाही. घाटकोपरवाल्याला तिने तो पितळी पेला दिला. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बऱ्या झालात ना, आता सांगतो. ते सरकारचं औषध म्हणजे नुसतं रंगाचं पाणी." ती म्हणाली, "मगे तुमी प्या, तुमच्या तोंडाक गुण येता काय बघूया."

सगळे गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. दमली होती. खिडकीतल्या बाटल्यांतून ऊन येत होतं, आणि लाल उजेड तिच्या पायांपर्यंत सरकत आला होता. मी उठलो, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. साखर किती, पावडर किती, काही ठाऊक नव्हतं, आणि विचारणार तर मुळीच नव्हतो. कप तिच्या हातात दिला.

तिने घोट घेतला. डोळे मिटून जरा वेळ बसली.

"कशी झाली?" मी विचारलं.

"आयती आसा," ती म्हणाली. मग दुसरा घोट घेऊन, डोळे न उघडता म्हणाली, "पण माहेरातली बरी होती."